बिनकव्हरची प्रयोगवही

आमच्याकडे शाळा जूनच्या अखेरीस उघडते आणि विज्ञान त्यानंतर आठवडाभराने. मधला आठवडा कव्हरांचा. खाकी कागद, त्यावर प्लॅस्टिक, त्यावर लेबल. लेबल संस्थेकडून मोफत मिळतं. त्यावर संस्थेच्या अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो असतो आणि फोटोच्या खाली, जागा उरली तर, विद्यार्थ्याचं नाव. मग वहीच्या पहिल्या पानावर स्केचपेनने ‘विज्ञान’ हा शब्द, त्याच्या वेलांटीतून निघालेलं रॉकेट, कोपऱ्यात अणू. अणूला तीन कक्षा आणि प्रत्येक कक्षेवर एक लाल टिकली. मुलं हे सगळं जीव ओतून करतात. पुढे वर्षभर वहीत जे लिहितात त्यात मात्र जीव ओतलेला मला फारसा दिसला नाही.

मी लाखनीहून स्कूटीने या शाळेत जाते. हायवेवरच्या ट्रकांमधून वाट काढत जायचं, मग धानाच्या बांध्यांमधला, म्हणजे भातखाचरांमधला रस्ता, शेवटी तलाव आणि तलावाच्या पाळीखाली शाळा. नोकरी लागली तेव्हा मला वाटत होतं की विज्ञान शिकवायचं म्हणजे मुलांना बघायला शिकवायचं. पुस्तकं वाचून नोकरीला लागलेल्या माणसाला असलं काही वाटतं. पहिल्याच वर्षी नववीच्या वह्या तपासायला घेतल्या आणि बीजांकुरणाच्या पानावर थांबले. प्रयोग वर्गातच झाला होता. मुलांनी घरून धान आणलं होतं, ओल्या फडक्यात ठेवलं होतं, त्याला मोड आले होते. वहीत नाव धानाचंच होतं. चित्रात मात्र दोन जाड, गुबगुबीत दलं उघडून वालाचं रोप उभं होतं. एका वहीत नव्हे, सगळ्यांच्या.

धानाचा मोड सुईसारखा एकटा वर येतो, हे त्या वर्गातल्या प्रत्येकाला चालायला लागल्यापासून माहीत होतं. त्यांच्या घरी दरवर्षी रोपांसाठी पऱ्हे टाकतात. तरी त्यांनी धानाला वालाची पानं लावली. कारण शोधायला वेळ लागला नाही. काही वर्षांपूर्वी पहिल्या नंबराने पास झालेल्या एका मुलीची वही गावात फिरत होती. तिने वाल पेरले असावेत आणि वालच काढले असावेत. नंतर कुणीतरी नाव बदललं, चित्र तसंच राहिलं. ते चित्र वर्षानुवर्षं उतरत आलं आणि त्याच्याखाली माझ्या आधीच्या शिक्षकांची सही, ‘छान’ असा शेरा, तोही जवळजवळ एकाच वळणाचा. मी एका मुलाला विचारलं, तुमच्या बांधीत असं धान उगवतं का? तो शांतपणे म्हणाला, “नाही ना, मॅडम. ते बांधीतलं. हे वहीतलं.”

त्या दिवसापासून माझं डोकं जागेवर नव्हतं. स्टाफरूममध्ये बसवेना. व्हरांड्यात येरझारा घालायचे आणि स्कूटीची किल्ली बोटात फिरवत राहायचे. मुख्याध्यापकांनी एकदा विचारलंही, कुठे जायचं आहे का.

दोन-तीन वर्षं मी नुसती चडफडत काढली. मग एका जूनमध्ये दहावीचा वर्ग माझ्याकडे आला आणि मी वहीच बदलली. नियम फळ्यावर लिहिले. डाव्या कोऱ्या पानावर आपल्याला काय दिसलं ते, उजव्या रेघांच्या पानावर पुस्तक काय म्हणतं ते. दोन्ही जुळलं नाही तर तसंच ठेवायचं. खोडरबर बंद. चुकलं तर वर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. जुनी वही कुणी वर्गात आणली तर मी ती ठेवून घेईन. दुसऱ्याच्या अक्षरातल्या वहीवर सही करणार नाही. आणि शेवटचा नियम: कव्हर नाही, लेबल नाही, रॉकेट नाही. पुठ्ठ्यावर आपलं नाव पेनने, बस्स.

हा शेवटचा नियम वर्गाला सर्वांत जड गेला. एका मुलीने विचारलं, निदान आतल्या पानावर तरी अणू काढू का? मी म्हटलं, दिसला तर काढ.

मुख्याध्यापकांना ही गोष्ट लेबलांचा गठ्ठा तसाच शिल्लक राहिला तेव्हा कळली. ते सज्जन गृहस्थ आहेत. त्यांचा शिस्तीवर विश्वास आहे आणि शिस्त लांबून दिसली पाहिजे असं त्यांचं मत आहे. त्यांनी मला बोलावून घेतलं, खुर्ची दिली आणि म्हणाले, “मॅडम, कव्हर म्हणजे वहीचं चारित्र्य असतं.” मी म्हटलं, सर, चारित्र्यावर अध्यक्षांचा फोटो कशाला? ते हसले नाहीत. पण हुकूमही काढला नाही. बघा बुवा, एवढंच म्हणाले.

त्या वर्षीच्या वह्या पाहायला कुरूप होत्या. पानांवर पाण्याचे डाग, मोरचुदाचे निळे ठसे, रेघा मारून खोडलेले आकडे. पण धानाला एकच पान होतं.

या वर्गात तलावावरच्या वस्तीतली एक मुलगी होती. तिचे वडील तलावात आणि नदीवर मासे धरतात, आई बाजारात सुकी मासळी विकते. मुलगी फार बोलायची नाही. वर्गात तिचं लक्ष कुठे आहे ते समजायचं नाही, आणि मग अचानक ती असा प्रश्न विचारायची की मला रात्री पुस्तक उघडावं लागे. तिला अकरावीला विज्ञान घ्यायचं होतं, लाखनीला. घरात ते अर्धवट मान्य झालं होतं. वडिलांचं म्हणणं साधं होतं, विज्ञानात चांगले मार्क पडले तर जा, नाहीतर गावातून रोज बसचा खटाटोप कशाला. मार्कांमध्ये प्रात्यक्षिकाचे मार्क आले आणि प्रात्यक्षिकाला बसायचं तर प्रयोगवही पूर्ण हवी, तिच्या पहिल्या पानावरच्या प्रमाणपत्रावर माझी सही हवी. ही अट माझी नव्हती, पण सही माझीच होती.

प्रात्यक्षिक आठवड्यावर आलं होतं. सोमवारी सकाळी ती मुलगी वर्गात न जाता प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. मागे तिची आई. आईच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत काही चुरगळलेली पानं. पानं माझ्या टेबलावर ठेवण्याआधीच मला त्यांचा वास आला. सुक्या झिंग्यांचा.

झालं असं होतं. बाजाराच्या आदल्या दिवशी आईने घरातली रद्दी काढली. पुड्या बांधायला कागद लागतो. मुलांच्या मागच्या वर्षीच्या वह्या तिने बाजूला काढल्या आणि त्यांत ही एक. बाजारात दिवसभर तिने त्या वहीची पानं फाडून झिंगे बांधून दिले. संध्याकाळी घरी आल्यावर मुलगी वही शोधायला लागली, तेव्हा लक्षात आलं.

“मले का मालूम, मॅडमजी?” ती म्हणाली. “यंदाच्या बाकी साऱ्यायले कव्हर होतं. हे एकच उघडं. वरून डागच डाग. मले वाटलं, रद्दीच हाय.”

मी पानं सरळ करायला घेतली. ती बोलत राहिली. रविवारी ती गावातल्या ओळखीच्या गिऱ्हाइकांच्या घरी गेली होती, काल नेलेल्या पुडीचा कागद परत मागायला. काहींनी त्या कागदाने चूल पेटवली होती. काहींनी कागद धुऊन वाळत घालून दिला, कारण पोरीचा अभ्यास आहे असं ऐकलं. एका घरची माणसं तिला कागदासकट झिंगेही परत करायला लागले होते, त्यांना वाटलं मालात काही खोट आहे. एवढं करून हातात आलेली पानं वहीच्या मानाने अगदीच थोडी. मुलगी हे सगळं चालू असताना खिडकीबाहेर बघत होती. आई बोलायची थांबली तेव्हा ती आईला हळूच म्हणाली, “चाल तू आता. मी लिहितो.”

आमच्याकडच्या मुली कधी कधी ‘मी लिहितो’ म्हणतात. त्यात एक प्रकारचा हट्ट असतो.

मुख्याध्यापकांना कळवणं भाग होतं. त्यांनी पिशवी नाकापासून जरा लांब धरली. मी ज्या वाक्याची वाट पाहत होते त्याला त्यांनी फार वेळ लावला नाही. कव्हर असतं तर हे झालं असतं का, मॅडम? मला यावर पुष्कळ उत्तरं सुचली, सगळी दोन दिवसांनी. त्या वेळी मी म्हटलं, नसतं झालं.

ते म्हणाले, आता वही पूर्ण करून घ्या, कशी ते तुम्ही बघा. पण बाहेरचा परीक्षक येणार, माझ्या शाळेत बोगस वही नको.

मुलीने नवी वही आणली आणि लिहायला बसली. पण त्याच आठवड्यात सराव परीक्षेचे पेपर चालू होते आणि एक वर्षभराची वही म्हणजे काही एका बैठकीचं काम नव्हे. मंगळवारी मी पाहिलं तेव्हा तिचे सुरुवातीचे काही प्रयोग झाले होते आणि बोटाला पेनचा वळ पडला होता. मी घरी गेले. जेवण केलं, पुस्तक उघडलं, तेच पान पुन्हा पुन्हा वाचलं, मिटवलं. माझ्या नवऱ्याने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, झिंगे. तो म्हणाला, आणू का उद्या?

बुधवारी मधल्या सुट्टीत वर्गात गडबड ऐकू आली. डोकावले तर बाकं भिंतीला सरकवलेली आणि अख्खा वर्ग जमिनीवर, ओळीत, खाली वाकून. पहिल्या क्षणी मला वाटलं काही सांडलं आहे. मग समजलं. त्यांनी नवी वही मधून उसवली होती. मधल्या पिना काढल्या होत्या, तावन् ताव सुटा केला होता आणि प्रत्येकाला एकेक ताव वाटला होता. ज्याच्या वाट्याला जो प्रयोग, तो त्याने आपल्या वहीतून या तावावर उतरवायचा. आमच्याकडे रोवणा, म्हणजे धानाची लावणी, असाच होतो. पऱ्ह्यांच्या पेंड्या बांधीत जागोजागी टाकायच्या, सगळ्यांनी एका ओळीत वाकायचं आणि मागे सरकत जायचं. आज हिची बांधी, उद्या तिची. पोरांनी विज्ञानाचा रोवणा लावला होता. मुलगी मधे बसून कुणाला कोणता प्रयोग ते सांगत होती.

“अक्षर पाह्य याचं, कोंबडी चालली वाटते.”

“तुह्या घरची आहे ती. ओळखली का?”

“ए, आकृतीत मेणबत्ती काहून वाकडी?”

“हवा चालू होती त्या दिवशी.”

मी दारातून परत फिरले. आत गेले असते तर त्यांना थांबवावं लागलं असतं. दुसऱ्याच्या अक्षरातल्या वहीवर सही करणार नाही, हे मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. ते अजून फळ्याच्या कोपऱ्यात होतं, कुणीतरी भोवती चौकट आखून ‘पुसू नये’ असं लिहून ठेवलेलं. मी व्हरांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. शिपाईकाका झाडू घेऊन उभे होते. त्यांनी मला जाऊ दिलं, परत येऊ दिलं, मग म्हणाले, मॅडम, तुम्ही एका जागी थांबा, मी झाडून घेतो.

गुरुवारी वही पुन्हा शिवून माझ्या टेबलावर आली. मी उघडली. तिने स्वतः लिहिलेले सुरुवातीचे प्रयोग सलग होते. त्यापुढच्या पहिल्याच प्रयोगाचा उद्देश आणि साहित्य ठीक होतं. पान उलटलं तर दुसराच प्रयोग सुरू. आधीच्याचं निरीक्षण कुठेच नाही. थोडा वेळ मला वाटलं माझंच काही बिघडलं आहे. मग ध्यानात आलं की वहीचा ताव मधे दुमडलेला असतो. त्याची एक बाजू वहीच्या पुढच्या भागात येते, दुसरी पार मागे. रोवणा लावणाऱ्यांनी हा विचार केला नव्हता. प्रत्येकाने आपापल्या तावावर सलग लिहिलं होतं, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक प्रयोगाचं डोकं पुढे आणि पाय शेवटाकडे गेले होते. फक्त मधल्या तावावरचा प्रयोग अखंड होता.

मुलीला हे माझ्या आधी कळलं होतं. तिने अनुक्रमणिका स्वतःच्या अक्षरात लिहिली होती आणि प्रत्येक प्रयोगापुढे दोन पानांचे क्रमांक दिले होते, पुढचं आणि मागचं. इतकी वर्षं मी मुलांकडून अनुक्रमणिका आखून घेत आले होते, तिचा उपयोग होताना पहिल्यांदा पाहिला. आईने परत मिळवलेली पानं शेवटी टाचून लावली होती. एकाच वहीत अख्ख्या वर्गाचं अक्षर, वर झिंग्यांचा वास.

मी तिला शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं. म्हटलं, हे मी सही करू शकत नाही, हे तुला माहीत आहे. तिने मान हलवली. म्हटलं, पण प्रयोग तू केलेस की नाही हे मला पाहता येईल. वही माझ्याकडे, तू बोल.

ती बोलायला लागली. मी पुढचं पान काढायचे, मागचं पान काढायचे, ती सांगत जायची. खिळा निळ्या पाण्यात टाकला तर त्यावर काय चढलं, पाण्याचा रंग किती दिवसांनी उतरला. काचेच्या चिपेखाली रेघ कशी सरकली. जिथे तिला नीट दिसलं नव्हतं तिथे ती ‘नीट नाही दिसलं’ म्हणत होती. ते तिच्या मित्रांनी लिहिलेलं नव्हतं, त्यांना नीट दिसलं होतं. अंधार पडायला आला होता. तलावावरून बगळे परत येत होते. मला वाटलं आता सही करून टाकावी. आणि तेवढ्यात भिंगाचं पान आलं.

भिंगाचा प्रयोग सोपा आहे. वर्गात अंधार करायचा, एकच खिडकी उघडी ठेवायची, बहिर्गोल भिंग धरायचं आणि समोरच्या कागदावर बाहेरचं दृश्य उमटेपर्यंत कागद पुढेमागे सरकवायचा. कागदावर तलावाची पाळ आणि तिच्यावरची शिंदीची झाडं उलटी उभी राहतात. ते दिसलं की भिंगापासून कागदापर्यंत मोजायचं. ते भिंगाचं नाभीय अंतर. आमच्या पेटीवर दहा सेंटिमीटर असं छापलेलं आहे आणि सगळ्यांचं दहाच्या आसपास येतं. या वहीतही कुणीतरी ठळक अक्षरात दहा लिहिलं होतं.

“हे माझं नोहोय, मॅडम,” ती म्हणाली. “माझं साडेबारा आलं होतं. तुमी प्रश्नचिन्ह देल्लं होतं.”

मला आठवलं. लाल पेनने दिलं होतं. मोजण्यात चूक झाली असेल असं समजून पान उलटलं होतं.

तिने पेन घेतलं. दहावर एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि वर साडेबारा लिहिलं. मागे टाचलेली जुनी पानं सोडली तर पूर्ण वहीत अनुक्रमणिका, सुरुवातीचे प्रयोग आणि हा एक आकडा एवढंच तिच्या हातचं होतं.

मी प्रमाणपत्र पुन्हा वाचलं. त्यात छापलेलं असतं की सदर विद्यार्थ्याने वर्षभरात हे प्रयोग स्वतः केले आहेत. लिहिले आहेत असं नसतं. मी इतक्या सह्या केल्या, पण ते वाक्य त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाचलं. मी सही केली. घरी जाताना हायवेवर एका ट्रकच्या मागे बराच वेळ तशीच चालत राहिले, पुढे काढायचं सुचलं नाही. बोगस वही नको, असं मुख्याध्यापक म्हणाले होते. मी काय करून बसले ते मला नेमकं सांगता आलं नसतं.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी परीक्षक साकोलीकडच्या एका शाळेतून आले. वयस्क, थकलेले, डोळ्यांवर चष्मा आणि हातात स्वतःच्या शाळेच्या वह्यांचा गठ्ठा, वेळ मिळेल तसा तपासायला. मुख्याध्यापकांनी त्यांचं पुष्पगुच्छाने स्वागत केलं. पुष्पगुच्छ कुठे ठेवावा हे परीक्षकांना समजेना, शेवटी तो ॲसिडच्या बाटल्यांशेजारी राहिला. त्यांनी आमच्या वह्यांच्या ढिगाकडे पाहिलं आणि विचारलं, कव्हर नाहीत का? मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या आवर्तसारणीकडे.

वह्या एकेक करून त्यांच्या हाताखालून जायला लागल्या. पहिलं पान, मधलं पान, सही. पहिलं पान, मधलं पान, सही. ही गती चालू राहिली असती तर काही झालंच नसतं. पण तिची वही उघडली आणि ते थांबले. नाक वर केलं. मधलं पान पाहिलं, पुढचं पाहिलं, मागचं पाहिलं, पुन्हा पुढचं.

“मॅडम, ही वही किती जणांची आहे?”

मी म्हटलं, लिहिली वर्गाने आहे, सर. प्रयोग तिचे आहेत. मुख्याध्यापक दाराकडे सरकले.

परीक्षकांनी तिला बोलावलं. ती हातातलं काम ठेवून आली आणि टेबलासमोर उभी राहिली. तिची बोटं ओढणीच्या टोकात गुंतली होती. परीक्षकांनी भिंगाचं पान काढलं, अनुक्रमणिकेत पाहून. मागचं पान काढलं. खोडलेल्या आकड्यावर बोट ठेवलं.

“हे काहून खोडलं?”

“सर, ते दुसऱ्याचं होतं.”

“सगळ्यांचं दहा आहे. तुझंच साडेबारा कसं?”

“माझं भिंग वेगळं होतं, सर. कडेले फुटलेलं.”

“दाखव.”

तिने पेटी उघडली. मीही तिच्या खांद्यावरून पाहिलं. सगळी भिंगं अखंड. ती एकेक उचलून कड चाचपत होती आणि परत ठेवत होती. पेटी संपत आली. मी मनात म्हणत होते, फुटकं होतं म्हणून कुणीतरी फेकून दिलं असणार, आणि हे मला आधी बघता आलं असतं, आठवडाभर मी फक्त व्हरांड्यात फिरले.

ती पेटी सोडून वळली आणि खोलीभर नजर फिरवली. खिडकीजवळच्या टेबलावर एक मुलगा भिंगाचाच प्रयोग करत होता. त्याच्या कागदावर तलावाची पाळ स्पष्ट उलटी उमटली होती. त्याने पट्टी लावलीही नव्हती. उत्तरपत्रिकेत दहा लिहून तो मोकळा झाला होता आणि आता निवांत आपली उलटी झाडं बघत होता. ती त्याच्याजवळ गेली, त्याच्या हातातलं भिंग काढून घेतलं आणि परीक्षकांसमोर धरलं. कडेला एक लहानसा टवका उडालेला होता.

परीक्षक उठले. स्वतः खिडकीपाशी गेले, चष्मा कपाळावर चढवला, भिंग धरलं, कागद सरकवला. तिने पट्टी लावली. त्यांनी वाकून पाहिलं. कागद थोडा पुढे घेतला, थोडा मागे. खोलीतली सगळी पोरं आपापलं काम सोडून बघत होती, फक्त खिडकीजवळचा मुलगा घाईघाईने उत्तरपत्रिकेतल्या दहावर रेघ मारत होता. एकच.

“साडेबाराला जरासं कमी,” परीक्षक म्हणाले. मग माझ्याकडे वळून, हे जुन्या संचातलं भिंग दिसतं, मॅडम, मिसळलं तुमच्या पेटीत.

ते टेबलावर परत आले आणि वहीवर सही केली. मग वही बंद न करता तशीच समोर ठेवून विचारलं, हा वास कशाचा?

“झिंग्यांचा, सर.”

“सुक्या?”

“हो.”

“कोणत्या बाजारात बसते तुझी माय?”

तिने सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं, मान डोलावली आणि पुढची वही ओढली. पहिलं पान, मधलं पान, सही.

वह्या निकालापर्यंत शाळेच्या कपाटात राहतात. त्या काळात शाळेतली मांजर प्रयोगशाळेच्या कपाटासमोर बसून असायची. शिपाईकाका तिला हाकलायचे, ती दोन पावलं जायची आणि परत यायची. मला तिचं समजत होतं. निकाल लागेपर्यंत मीही काही वेगळं करत नव्हते.

निकाल चांगला लागला. ती लाखनीच्या अकरावीला गेली. जाण्याआधी एक दिवस वही मागायला आली. मी विचारलं, आता कशाला? तिला आईला दाखवायची होती, असं म्हणाली. मी दिली. मला वाटलं, ती वही तिच्या घरी उंच कुठेतरी ठेवली जाईल आणि आई तिला रद्दीपासून लांब ठेवील.

या वर्षी मी कव्हरांवर वाद घातला नाही. अध्यक्ष पुन्हा हात जोडून सगळ्या वह्यांवर आले आहेत. दिवाळीनंतर भिंगाचा प्रयोग झाला. दुसऱ्या आठवड्यात मी वह्या तपासायला घेतल्या. पहिली वही उघडली. नाभीय अंतर: दहा, त्यावर एक सरळ रेघ, वर साडेबारा. दुसरी वही. दहा, एक रेघ, साडेबारा. तिसरी. एकाने रेघ पट्टीने मारली होती आणि आधी पेन्सिलने आखून घेतली होती.

तिची वही उंच कुठे राहिली नव्हती, गावात फिरत होती. मी वह्या बंद केल्या. उठले आणि किल्ली बोटात फिरवत कपाटापर्यंत गेले. फुटक्या कडेचं भिंग मी मागच्याच वर्षी वेगळ्या डबीत ठेवलं होतं. ते या वर्षी कुणाच्याच हातात गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात अंधार केला. खिडकी एकच उघडी. मी पेटी आणि डबी दोन्ही टेबलावर उपडी केली, भिंगं मिसळली आणि न बघता वाटली. वह्या माझ्याकडे जमा करून घेतल्या, कव्हरांसकट. कागद कोरे दिले. थोड्या वेळाने भिंतीभर, फळ्यावर, काहींच्या शर्टांवर सुद्धा तलावाची पाळ उलटी दिसायला लागली. शिंदीची झाडं खाली डोकं करून हलत होती. मागच्या बाकावरून एक मुलगी कुरकुरत म्हणाली, “मॅडम, माझं साडेबारा येऊन नाही राहिलं.”

मी म्हटलं, “मग काय येऊन राहिलं ते सांग.”

ती पट्टी लावून बराच वेळ वाकली होती.